धोतरात अहो, पॅन्टमध्ये अरे

मी एका पोराची बॅग कूलरमध्ये लपवली. चालू कूलरमध्ये नव्हे, तेवढी अक्कल मला होती. मागच्या पडवीत मोटर जळालेला एक जुना कूलर पडून होता, त्याच्या पोटात कोंबली, वर गोणपाट टाकलं, आणि मोठा पराक्रम केल्यासारखी पदर खोचून पुरणपोळ्या लाटायला गेले. तेव्हा मी तशी लहानच होते, सहासष्टची. आता पंच्याहत्तरी जवळ आली तर वाटतं, त्या वयाच्या बायांना घरात असं मोकळं सोडू नये.

आमच्या वऱ्हाडात पाहुण्याची पिशवी लपवणं हा गुन्हा नाही. उलट नाही लपवली तर पाहुणा घरी जाऊन सांगतो, यांनी एकदाही 'राहा' म्हटलं नाही. माझ्या सासूबाईंनी एका जावयाच्या चपला बंबामागे सारल्या होत्या. जावई त्या नादात चार दिवस राहिला आणि त्याच्या आईनं पुढची दहा वर्षं सासूबाईंशी अबोला धरला. पण त्या चपला होत्या. मी लपवलेल्या बॅगेत गजूचं परीक्षेचं प्रवेशपत्र होतं.

गजू म्हणजे गजानन पाठक, दर्यापूरचा. त्याचे वडील, पाठक गुरुजी, आमच्या घरचे पिढीजात भटजी. माझं लग्न होऊन मी अकोल्याला जुन्या शहरात आले तेव्हापासून घरातलं बारसं, मुंज, वास्तुशांत सगळं त्यांच्याच तोंडून झालेलं. आवाज असा खणखणीत की समोरच्या घरातल्या बाया आपल्या गणपतीची आरती आमच्या गुरुजींवर उरकून घेत. त्यांचा घसा बिघडला आणि डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं. भटजीला कमी बोला म्हणणं म्हणजे कास्तकाराला वावरात जाऊ नको म्हणण्यासारखं. तेव्हा दर्यापूरची घरं कशीबशी त्यांनी ठेवली आणि अकोल्याची घरं पोराकडे आली.

पोरगा त्या वेळी अमरावतीला औषधशास्त्राच्या पदविकेला होता. तिकडे तिघांत एक खोली, आठवडाभर कॉलेज, आणि रविवार-सुट्टीला अकोला. वैशाखात तर वारच उरायचा नाही.

पहिल्यांदा आला तो जीन्स घालून, पाठीवर सॅक, कानात वायरी. मी दारातच विचारलं, "कुरियर का?"

"नाही काकू, सत्यनारायण," तो म्हणाला. "कुठं कपडे बदलू?"

आतल्या खोलीत गेला आणि बाहेर आला तो दुसराच माणूस. स्वच्छ धोतर, उपरणं, कपाळाला गंध, चाल बदललेली, भाषा बदललेली. दोन मिनिटांपूर्वी "काकू, बाथरूमचा नळ गळून राहिला तुमचा" म्हणणारा पोरगा पाटावर बसून म्हणाला, "यजमानांनी आचमन करावं." मी गडबडून "हो गुरुजी" म्हटलं. पूजा आटोपली, परत जीन्समध्ये आला आणि म्हणाला, "काकू, चहा टाकता का जरा? डोकं चढून राहिलं." मी म्हटलं, "टाकते रे." तेव्हापासून आमचं ठरून गेलं, धोतरात अहो, पॅन्टमध्ये अरे. एकदा धोतरावर शर्ट चढवून घाईत निघाला तर मला काय म्हणावं कळेना. मी नुसतीच "हं, हं" करत दारापर्यंत गेले.

त्याच्या सॅकला दोन कप्पे होते. एकात पोथ्या, दर्भ, जानवी, कापराची डबी. दुसऱ्यात जाडजूड इंग्रजी पुस्तकं. एकाचं दुसऱ्यात कधी जायचं नाही. पण वेळ मात्र तो एकातून दुसऱ्यात चोरायचा. आपल्याकडे पूजा म्हणजे निम्मा वेळ शोधाशोध. भटजींनी "तुळस द्या" म्हटलं की घरातली पाच माणसं पाच दिशांना धावतात आणि सहावा विचारतो, "तुळस कोणी मागितली?" तेवढ्या वेळात गजू डोळे मिटून पुटपुटायचा. बघणाऱ्याला वाटे जप चालला आहे. एकदा आमच्या नणंदबाई जवळच बसल्या होत्या. त्या प्रत्येक नावाला हात जोडून मान लववत होत्या. मी कान दिला तर पोरगा रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं अनुष्टुभाच्या चालीवर म्हणत होता.

नंतर मी त्याला पॅन्टमध्ये गाठला. "काहून रे, आमच्या वन्संना अमलोडिपिनपुढे वाकवलंस?"

कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मग म्हणाला, "वाया नाही जात काकू. त्या रोज सकाळी घेतातच ते."

हे त्याला ठाऊक असायचं, कारण नैवेद्य शिजेपर्यंत तो प्रत्येक घरातला औषधांचा डबा काढायला लावायचा. पाटावर मांडी घालून एकेक पट्टी उजेडाला धरायची, मागची तारीख वाचायची, आणि बाद झालेल्या गोळ्यांचा वेगळा ढीग करायचा. आमच्या ह्यांच्या डब्यातली गोळ्यांची अर्धी इस्टेट त्यानं एका चतुर्थीला केराच्या टोपलीत घातली. हे वकील होते, त्यांनी हरकत घेतली. "अरे, तुझ्या बापानं आमच्या घरातलं काही फेकलं नाही कधी."

"देवाले एक्सपायरी नसते काका, गोळीले असते," गजू म्हणाला. धोतरात असून वऱ्हाडीत बोलला तो तेवढा एकदाच.

औषधाच्या दुकानाचं त्याला भारी वेड. मी एकदा विचारलं, "तुझा आवाज बापासारखा, पाठांतर चोख, मग हे डबे-बाटल्यांचं काय काढलंस?" चहा बशीत ओतून तो फुंकत होता. म्हणाला, "काकू, मेडिकलवर माणूस येते, दुखणं सांगते, औषध घेऊन जाते. बरं वाटलं का नाही हे कळते. पूजेचं कळत नाही. लोक म्हनतात गुरुजी, छान झालं. काय छान झालं, हे मले आजवर समजलं नाही." मग आपण काही जास्त बोललो असं वाटून त्यानं बशी तोंडाला लावली. अमरावतीत एका मेडिकलवाल्यानं त्याला सांगून ठेवलं होतं, पास होऊन ये, काउंटर तुझं. शेवटचं वर्ष चालू होतं. बापाला हे सांगितलं होतंस का, असं मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

तो कुठल्याही अडचणीला एकच म्हणायचा, "होऊन जाईन न काकू, टेन्शन नका घेऊ." अंजनगाव सुर्जीला आमच्या भाचीच्या लग्नात वरात दीड तास नाचत राहिली, मुहूर्त मांडवाच्या खांबाला टेकून वाट पाहत बसला. दुसऱ्या दिवशी गजूची तोंडी परीक्षा होती, हे मला फार पुढं कळलं. मी त्याच्या शेजारी चुळबुळत होते, तो शांत. "होऊन जाईन." नवरदेव आला, मंगलाष्टकं झाली, सप्तपदी झाली, एक विधी गाळला नाही. हळूहळू माणसं जेवायला पांगली. पाहिलं तर गजू होमापाशी ताठ बसलेला, डोळे उघडे, आणि गाढ झोपलेला. नवरीनं विचारलं, "मावशी, आता काय करायचं?" मी म्हटलं, "थांब, गुरुजी ध्यानात आहेत."

आणि एक नियम त्यानं कडक पाळला, यजमानाच्या घरी पेपरचं नाव काढायचं नाही. पहिल्या वर्षी एका घरी तो बोलून गेला होता, उद्या पेपर आहे, जरा लवकर बसू. त्या यजमानांनी दर्यापूरला फोन लावला, "गुरुजी, पोराचं लक्ष पूजेत नाही." पाठक गुरुजी पोराला रागावले नाहीत. त्या बिघडलेल्या घशानं पुढच्या रविवारी स्वतः एसटीत बसून त्या घरी गेले आणि पूजा पुन्हा केली. आवाज आठवडाभर बसला. ही गोष्ट मला त्यांच्या बायकोनं सांगितली, गजूनं नाही. तेव्हापासून तो पेपरच्या दिवशीही तोच चेहरा घेऊन यायचा, आणि आम्ही सगळे समजायचो, बरं आहे, या पोराला परीक्षा नसतात.

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. माझ्या हे लक्षात यायला हवं होतं. वैशाख महिना, कॉलेजची मुलं हातात पुस्तकं घेऊन स्टँडवर उभी, रोजच्या पेपरात परीक्षेच्या बातम्या. पण माझा मुलगा-सून पुण्याहून चारच दिवसांसाठी आले होते, नातवाच्या हातून पूजा करायची होती आणि मला गजूच हवा होता. फोन केला तर त्यानं तारीख पुन्हा विचारून घेतली. "सकाळी सातला बसू काकू? नवाच्या आत उठू." मी म्हटलं, "बसू की."

बसलो पावणेनऊला. नातवाला सोवळं नेसायचं नव्हतं, सुनेला केळीचे खांब तिरपे वाटत होते, आणि मला सगळं मनासारखं हवं होतं. गजूनं पाचही अध्याय वाचले. मी मधे म्हटलंसुद्धा, "गुरुजी, लीलावती-कलावतीचं जरा सावकाश, नातवाला कळू द्या." त्यांनी सावकाश वाचलं.

आरती झाली, प्रसाद घेतला आणि तो कपडे बदलायला न्हाणीघरात गेला. बॅग ओसरीवर. पुरण तयार होतं, पोळ्या व्हायच्या होत्या. मला माहीत होतं तो "येतो काकू" म्हणून निघणार. दरवेळी निघायचा. एवढ्या वर्षांत त्या पोरानं माझ्या हातचं पानभर जेवण केलं नव्हतं. म्हणून मग कूलर.

तो बाहेर आला. ओसरीवर पाहिलं, खुंटीवर पाहिलं. "काकू, बॅग?"

"मिळेल," मी आतून ओरडले. "जेवल्यावर."

सून हसली, नातू हसला, मुलगा म्हणाला, "गजू, आता सुटका नाही तुझी." सगळ्या घराला मजा वाटली. गजू उभा राहिला. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, "बरं."

एवढंच म्हणाला. मी शाळेत इतकी वर्षं काढली. पोरांचं खरं बरं आणि खोटं बरं मला झोपेत ओळखता यायचं. त्या दिवशी नाही आलं, कारण पोळी तव्यावर होती.

तो पाटावर बसला आणि जेवला. भरभर जेवला. मला वाटलं, उपाशी होतं पोर. मी आणखी वाढलं. आमच्याकडे पुरणपोळीवर तूप वाढत नाहीत, तुपात पोळी ठेवतात. दुसरी वाढली, तिसरीला त्यानं हात आडवा धरला, मी हाताखालून सरकवली. पान संपवून उठला. मी म्हटलं, "बस, विडा लावते, तेवढ्यात शेजारी प्रसाद देऊन येते." शेजारच्या वहिनींच्या सुनेला दिवस गेले होते, ती बातमी मला उभ्या उभ्या कळणं शक्य नव्हतं. मी बसले.

परत आले तर गजू अंगणात उन्हात उभा. सुनेनं आणि त्यानं मिळून घर पालथं घातलं होतं. त्याचा चेहरा धोतरातलाही नव्हता आणि पॅन्टमधलाही नव्हता.

"काकू, बॅग देता का? अकराची गाडी गेली. दोन वाजता पेपर आहे."

"कुठं?"

"अमरावतीले."

मी पडवीकडे धावले. सहासष्टच्या बाईनं जसं धावावं तसं, म्हणजे आधी पदर अडकला, मग गोणपाट. मुलानं गाडी काढली. मी पुढच्या सीटवर बसले, कशाला ते देव जाणे, आणि मूर्तिजापूरपर्यंत मुलाला सांगत राहिले, याला मागे टाक, त्याला मागे टाक. मूर्तिजापूरच्या अलीकडे कपाशीच्या गठाणींचा ट्रक आडवा झालेला. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. मागं गजू बॅग मांडीवर घेऊन बसला होता. पुस्तक काढलं नाही. एकदाच बोलला, माझ्या मुलाला. "दादा, सावकाश चालवा. पोचलो तर पोचलो."

पोचलो तेव्हा अर्ध्या तासाची मुदत टळून गेली होती. दारावर एक तरुण मास्तर होते. गजू मागं उभा राहिला, बोलले मी. आजी आजारी म्हटलं, ट्रक म्हटलं, शेवटी खरंही सांगितलं, कूलरसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, नियम सगळ्यांना सारखा. एकाला सोडलं तर बाकीच्यांवर अन्याय होतो." या वाक्यात मी एका शब्दाची दुरुस्ती करू शकत नव्हते. तीस वर्षं ते माझंच होतं. किती पोरं दारातून परत पाठवली असतील. त्यांची बॅग घरी कोण लपवत होतं, हे मी कधी विचारलं नाही.

परत फिरलो. रसवंतीपाशी मुलानं गाडी थांबवली. गजू अर्धा ग्लास रस प्यायला आणि म्हणाला, "दादा, मले स्टँडवर सोडता का? संध्याकाळी दर्यापूरला एक साखरपुडा आहे. बाबा जाणार होते. आता मी मोकळाच आहे, तर त्यांचा घसा वाचन." मी मागं वळून पाहिलं नाही. आरशात दिसत होता, खिडकीबाहेर बघत होता.

एक पेपर राहिला. बाकी सगळे निघाले होते, चांगल्या गुणांनी. मेडिकलवाल्यानं महिनाभर वाट पाहिली आणि दुसरा पोरगा घेतला.

मग मी प्रायश्चित्ताला लागले. मला वाटायचं, मी बिघडवलं तर मीच दुरुस्त करीन. हिवाळी परीक्षेसाठी त्याला आमच्या माडीवरची खोली दिली. टेबल, पंखा, दुपारचा चहा. म्हटलं, "रविवारी इथं ये, अभ्यास कर, पूजाबिजा काही नाही." पहिल्या रविवारी आला. तासाभरात खालच्या आळीत बातमी, वकीलकाकूंकडे गुरुजी आलेत. एक बाई कलश मांडून घ्यायला, एक पत्रिका दाखवायला, एक तर नवीन स्कूटर घेऊन दारात, नारळ फोडा म्हणून. गजू जीन्समध्येच खाली उतरून स्कूटरला गंध लावून गेला. मी सगळ्यांना हाकललं. दुसऱ्या रविवारी दार बंद करून ठेवलं. दुपारी मला आठवलं, आज सोमप्रदोष नाही पण रविप्रदोष आहे. माडीचा जिना चढून गेले आणि दारातून म्हटलं, "गजू, दोनच मिनिटं. नुसता अभिषेक."

त्यानं पुस्तकात बोट ठेवलं, मग काढलं. "आलो काकू."

तिसऱ्या रविवारी आला नाही. म्हणाला दर्यापूरला लग्न आहे. पुढं गुरुजींचा आवाज पारच गेला, दर्यापूरची घरंही त्याच्याकडे आली. मी दर हंगामाला विचारते, "फॉर्म भरला का रे?" तो म्हणतो, "भरतो न काकू, होऊन जाईन." मी धोतरात असताना विचारत नाही. पॅन्टमध्ये तो आता फार कमी दिसतो. औषधांचे डबे मात्र अजून उजेडाला धरतो.

मागच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बापलेक आमच्याकडे आले. गुरुजी वाळले होते, गळ्याला मफलर, बोलणं म्हणजे नुसती हवा. गजू ओसरीवर नातवाशी बोलत होता. नातू आता बारावीत, त्याला रसायनशास्त्र जड जातं. गजू पाटीवर बोट फिरवावं तसं फरशीवर बोटानं काहीतरी काढून दाखवत होता, धोतराचा सोगा सावरत. नातू मान डोलावत होता. मी बराच वेळ पाहिलं. मग गुरुजींपुढे बसले. इतक्या वर्षांत त्यांना सांगितलं नव्हतं. म्हटलं, "गुरुजी, त्या वर्षी तुमच्या पोराचा पेपर बुडाला तो माझ्यामुळे. बॅग मी लपवली होती. त्याचं दुकान माझ्यामुळे गेलं."

त्यांनी बोटानं मला जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडापाशी नेला. बाहेर गजू काहीतरी समजावतच होता.

"ठाऊक आहे मला, वहिनी. त्या रात्री मी देवापुढे साखर ठेवली. पोरगा हातचा चालला होता, तुम्ही आणून दिला."